सहल आखावी ज्येष्ठांच्या पावलांनी

दिवाळी सरते, कापसाची पहिली वेचणी घरात येते, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागते आणि परभणी जिल्ह्यातील घराघरांत प्रवासाचे बेत शिजू लागतात. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले-सुना चार दिवस गावी आलेली असतात, नातवंडांना नाताळची सुट्टी असते. याच दिवसांत दवाखान्यात दोन वाक्ये माझ्या कानांवर वारंवार येतात. पहिले मुलाचे असते : "डॉक्टरसाहेब, आईला सोबत न्यावे म्हणतो, झेपेल का?" दुसरे, त्याच्या शेजारी बसलेल्या आईचे : "मला नको रे बाबा कुठे. तुम्ही जाऊन या, मी घर राखते."

वाचकहो, या दोन्ही वाक्यांना नीट उत्तर मिळावे, एवढ्याचसाठी हा लेख. वय झाले म्हणजे प्रवास संपला, असे वैद्यकशास्त्र मुळीच सांगत नाही. मात्र तरुणांसाठी आखलेल्या सहलीत ज्येष्ठांना बसवून नेले, तर तीच सहल आजारपणाचे कारण ठरू शकते.

'नको' या शब्दामागे काय असते?

सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांना मी तपासताना एक प्रश्न आवर्जून विचारतो : "गेल्या सहा महिन्यांत गावाबाहेर कोठे गेला होतात?" अनेकांचे उत्तर असते, "एकदा दवाखान्याला अन् एकदा मातीला." घराबाहेरचे जग आजार आणि अंत्यविधी एवढ्यावर येऊन थांबले, की माणसाचे चालणे घटते, स्नायू अधिक लवकर दुबळे होतात, झोप उडते आणि मन आपल्याच दुखण्याभोवती फिरत राहते. म्हणून सहलीकडे मी चैन म्हणून पाहत नाही. योग्य आखलेली सहल हा प्रकृतीला आवश्यक असा बदल आहे.

तरीही ज्येष्ठ 'नको' म्हणतात. थोडे खोदून विचारले, की खरे कारण बाहेर येते. बहुतेक वेळा ते शौचालयाचे असते. "वाटेत लघवीला लागली तर?", "तिथे खाली बसायचे शौचालय असेल तर उठणार कसे?", "सुनेसमोर फजिती झाली तर?" ही लाज कोणी बोलून दाखवत नाही. मग काही जण प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणीच कमी करतात. त्यातून चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ आणि क्वचित गोंधळलेपणाही येतो. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांनी बसमध्ये तासन् तास लघवी रोखून धरली, तर ती पुढे अडकण्याचा धोका असतो. सहलीचा आराखडा म्हणूनच या न बोललेल्या काळजीपासून सुरू व्हावा.

आधी माणूस, मग ठिकाण

ठिकाण ठरवण्यापूर्वी घरच्या घरी चार गोष्टी पाहाव्यात. खुर्चीतून हात न टेकता उठता येते का? सपाट रस्त्यावर दहा मिनिटे, दम न लागता, बोलत चालता येते का? कठडा धरून दहा-बारा पायऱ्या चढता आणि मुख्य म्हणजे उतरता येतात का? लघवीला न जाता किती वेळ बसवते? ही काही शास्त्रीय परीक्षा नव्हे. पण या चार उत्तरांवरून सहलीचे माप कळते. दीड तासच बसवत असेल, तर वाहन सव्वा तासाने थांबले पाहिजे. पायऱ्या उतरताना गुडघा दगा देत असेल, तर डोंगरावरचे ठाणे यादीतून वगळावे.

त्यानंतर पायरी पायरीने पुढे जावे. पहिल्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची फेरी, मग पूर्ण दिवसाची सहल, मग एका रात्रीचा मुक्काम. तो सुखाने पार पडला, की तीन-चार रात्रींचा विचार करावा. काशीला जाण्याची इच्छा मनात धरून बसलेल्या आजींनाही मी हेच सांगतो : आधी नांदेडला एक रात्र राहून या, मग काशीचे बोलू. एका रात्रीत झोप, पोट, औषधे आणि सोबतच्या माणसांचा स्वभाव, सगळ्याची परीक्षा होते.

जवळची ठिकाणे, वैद्यकीय नजरेने

परभणी शहरातच प्रारंभ करता येतो. १९७२ साली स्थापन झालेल्या आपल्या कृषी विद्यापीठाच्या परिसरातील झाडीभरले, सपाट रस्ते चालण्याच्या सरावाला उत्तम आहेत. शहरातील पारदेश्वराचे मंदिर आणि सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा ही ठिकाणेही जवळची. मात्र फेब्रुवारीतील उरुसाच्या गर्दीत हृदयरोग्यांनी आणि काठी घेऊन चालणाऱ्यांनी जाऊ नये. उरूस आटोपल्यावर निवांत जावे.

एका दिवसासाठी गंगाखेड सोयीचे आहे. संत जनाबाईंचे हे जन्मगाव गोदाकाठी वसले असून परभणीहून रेल्वेनेही जाता येते. जनाबाईंच्या मंदिरात बसावे, गोदामाईचे दर्शन वरूनच घ्यावे. घाटाच्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या उतरण्याचा आग्रह धरू नये. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून भाविक ज्याला मानतात ते पाथरी मानवत रस्त्याने गाठता येते. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरील येलदरीचा जलाशय विस्तीर्ण आहे. पाणी पाहत तासभर स्वस्थ बसणे हाही सहलीचाच भाग मानावा. जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी मात्र टेकडीवर आहेत आणि आत जाताना वाकावे लागते. कंबर आणि गुडघे साथ देत असतील, त्यांनीच तेथे जावे.

औंढा नागनाथ पूर्वी परभणी जिल्ह्यातच होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेले. या मंदिराविषयी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. येथील गर्भगृह तळघरासारखे खाली आहे. उतरण्याची वाट अरुंद आणि पायऱ्या उंच. आत छत ठेंगणे आणि हवा कोंदट. दमा, हृदयविकार किंवा गुडघ्यांची झीज असलेल्यांनी सभामंडपातूनच हात जोडावेत. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पकाम इतके देखणे आहे, की मंदिराभोवती सावकाश एक फेरी मारली तरी दिवस सार्थकी लागतो. परळी वैजनाथाला रुंद दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. त्या रुंद असल्याने मध्येच टेकता येते, पण घाई नको.

नांदेडचा सचखंड गुरुद्वारा हे पहिल्या मुक्कामी सहलीसाठी मला सर्वांत योग्य ठिकाण वाटते. परभणीहून रेल्वेचा प्रवास तासाभराच्या आसपासचा, परिसर सपाट आणि निवासाची सोय मोठी. लंगरमध्ये खाली बसता येत नसेल, तर सेवेकऱ्यांना तसे नम्रपणे सांगावे.

जिंतूर-मंठा मार्गाने लोणारला जाता येते. तेथील सरोवराला २०२० साली रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. विवरात उतरून पुन्हा चढणे ज्येष्ठांना झेपणारे नाही. काठावरून दिसणारे दृश्य पुरेसे आहे. गावातील दैत्यसूदन मंदिराचे शिल्पकाम विवरात न उतरताही पाहता येते. दोन-तीन रात्रींची तयारी झाली, की वेरूळ. तेथे कैलास लेण्यात जमिनीच्या पातळीवरून प्रवेश आहे, त्यामुळे चौतीस लेणी पाहण्याचा हट्ट न धरता एकच लेणे मनसोक्त पाहावे. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, हे बेत आखतानाच ध्यानात ठेवावे.

तीर्थस्थळी मधुमेही व्यक्तींनी एक दक्षता घ्यावीच. तळपायाची संवेदना कमी झालेली असेल, तर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना भाजल्याचे कळतही नाही, आणि त्या फोडाची पुढे मोठी जखम होते. दर्शन सकाळी दहाच्या आत घ्यावे, हरकत नसेल तेथे जाड सुती मोजे घालावेत आणि रात्री सोबतच्या व्यक्तीने दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत.

शेतावरचा दिवस

दूर जाणे शक्य नसेल, तर आपल्या भागाने एक जुनी रीत राखून ठेवली आहे. वेळ अमावास्येला अनेक कुटुंबे शेतात जाऊन भज्जी, आंबील आणि उंडे यांचे जेवण करतात. हुरड्याचे दिवसही याच थंडीतले. आता कृषी पर्यटन केंद्रांतही अशी सोय मिळते. राज्याने त्यासाठी २०२० मध्ये धोरणही आणले. आजोबांना आपल्याच जुन्या शेतात, आजींना त्यांच्या माहेरच्या गावी नेणे, ही तर सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त आनंद देणारी सहल. तेथे जाताना दोन खुर्च्या सोबत घ्याव्यात. दम्याच्या रुग्णांना आगटीच्या धुरापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवावे. कवळी असलेल्यांना हुरडा कोवळा द्यावा, आणि मधुमेहींनी हुरडा म्हणजे ज्वारीच आहे हे लक्षात ठेवून तेवढी भाकरी कमी खावी.

वाहन कोणते?

एसटीने २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यात विनामूल्य प्रवास दिला आहे. ६५ ते ७५ या वयाला निम्मे तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ असावे. बसमध्ये जागा पुढच्या बाजूची, दोन्ही चाकांच्या मधली घ्यावी. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांना मागच्या बाकावर एका जोरदार धक्क्याने मणक्याचे हाड दबण्याचा धोका असतो.

लघवीचा त्रास असलेल्यांना शक्य तेथे रेल्वे बरी; डब्यात शौचालय असते आणि उठून चार पावले चालता येते. रेल्वेची ज्येष्ठांसाठीची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालचा बर्थ मिळण्याचा ज्येष्ठांसाठीचा कोटा आहे. आरक्षण करताना वय अचूक नोंदवावे. परभणी जंक्शनवर दादरा चढणे जड जात असेल, तर अर्धा तास आधी पोहोचून चाकांच्या खुर्चीची चौकशी करावी.

मोटारीने जात असाल, तर दर तास-सव्वा तासाने थांबावे. बसताना आधी पाठमोरे होऊन आसनावर टेकावे, मग दोन्ही पाय आत घ्यावेत; उतरताना उलट क्रम. चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायांतील शिरांत रक्त गोठण्याचा संभव वाढतो, म्हणून बसल्या जागी घोटे वर-खाली हलवत राहावे.

मुक्कामाची खोली

आजकाल घरगुती निवास, बंगला किंवा शेतघर मोबाइलवरून ठरवता येते. छायाचित्रांत बाग आणि झोपाळा दिसतो. न्हाणीघर दिसत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी मालकाला फोन करून पुढील गोष्टी विचाराव्यात.

- खोली तळमजल्यावर आहे का? वाहन दारापर्यंत येते का?
- कमोड आहे का? त्याच्या शेजारी धरायला दांडी किंवा भक्कम आधार आहे का?
- न्हाणीघराची फरशी खडबडीत आहे की गुळगुळीत? दाराशी उंबरा किती उंच आहे?
- पलंगाची उंची गुडघ्याएवढी आहे का?
- गरम पाणी आणि वीज गेल्यावरची सोय आहे का?
- साधी भाकरी, वरण, कमी तिखटाची भाजी मिळेल का, किंवा स्वयंपाकघर वापरता येईल का?
- सर्वांत जवळचे चोवीस तास चालणारे रुग्णालय किती अंतरावर आहे?

शक्य असल्यास न्हाणीघर व्हिडिओ कॉलवर दाखवण्याची विनंती करावी. चांगला यजमान त्याचा राग मानत नाही. कमोड नसेल आणि तेथेच राहायचे असेल, तर घडीची कमोड-खुर्ची सोबत न्यावी.

अनोळखी खोलीतील पहिली रात्र सर्वांत जोखमीची असते. घरी डावीकडे असलेले न्हाणीघर येथे उजवीकडे असते, आणि झोपेत उठलेला माणूस सवयीने डावीकडे वळतो. झोपण्यापूर्वी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत दोनदा चालून दाखवावे, वाटेतल्या पिशव्या उचलाव्यात, रात्री मंद दिवा चालू ठेवावा, उशाशी बॅटरी ठेवावी. नव्या चपलांपेक्षा पायांत बसलेल्या जुन्या, न घसरणाऱ्या चपला न्याव्यात.

औषधांची पिशवी

औषधे जितक्या दिवसांची सहल, त्याहून पाच दिवस अधिक घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. गोळ्या मूळ पाकिटांतच असाव्यात. एका कागदावर आजार, औषधांची नावे व मात्रा, कशाची ॲलर्जी आहे ते आणि घरच्यांचे दूरध्वनी क्रमांक लिहावेत. अलीकडच्या ईसीजीचे छायाचित्र मोबाइलमध्ये असावे. छातीत दुखू लागले, तर नव्या डॉक्टरांना तुलनेसाठी त्याचा फार उपयोग होतो.

इन्सुलिन उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये आणि थेट बर्फावरही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी स्वतःहून बंद करू नये. ती मुक्कामी पोहोचल्यावर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल, तर ती खिशात असावी, बॅगेच्या तळाशी नसावी.

खाणे आणि पाणी

साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दर्शनाच्या रांगेत दोन तास उपाशी उभे राहणे धोक्याचे आहे. आधी न्याहारी, मग औषध, मग रांग, हा क्रम आपल्या वेळापत्रकात बसवून घ्यावा. थरथर, घाम, अचानक चिडचिड किंवा गोंधळ दिसला, तर गिळता येत असल्यास लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि त्यानंतर काही खायला द्यावे. दशम्या आणि धपाटे ही आपली प्रवासाची जुनी शिदोरी आजही उत्तम आहे. उघड्यावर चिरून ठेवलेली फळे टाळावीत. पाणी घोट घोट, पण नियमित प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे माप ठरवून दिलेले असेल, त्यांनी ते पाळावे.

ऋतूचेही भान हवे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे प्रवासाचा काळ. एप्रिल-मेमधील मराठवाड्याचे ऊन ज्येष्ठांना उष्माघातापर्यंत नेऊ शकते. त्या दिवसांत दुपारचा प्रवास करूच नये.

सहल कधी पुढे ढकलावी?

हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा शस्त्रक्रिया होऊन थोडेच आठवडे झाले असतील. बसल्या जागी दम लागत असेल. पायांवर नवी सूज असेल. ताप, छातीत नवे दुखणे, भोवळ किंवा बेशुद्धीचा प्रसंग झाला असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. तिकिटाचे पैसे बुडतील म्हणून निघू नये.

प्रवासात तातडीची वेळ आली, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक राज्यभर चालतो. ज्येष्ठांच्या मदतीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ते योजनेशी जोडलेल्या देशभरातील रुग्णालयांत चालते, म्हणून निघण्यापूर्वी काढून घ्यावे.

सांभाळणाऱ्यांसाठी

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला नेताना ठिकाण ओळखीचे, मुक्काम छोटा आणि जेवणा-झोपेच्या वेळा घरच्याच ठेवाव्यात. त्यांच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी. बसस्थानकावर "इथेच बसा, मी तिकीट काढून येतो" असे म्हणून त्यांना क्षणभरही एकटे सोडू नये. संध्याकाळी त्यांचा गोंधळ वाढतो. त्या वेळी प्रवासात नसावे.

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर त्याची सेवा करणाऱ्या सुनेला किंवा पत्नीला वर्षानुवर्षे घराबाहेर पडता येत नाही. तिची पाठ, तिची झोप, तिचा रक्तदाब यांची नोंद कोणी ठेवत नाही. भावंडांनी वर्षातून दोनदा तरी पाळी वाटून घ्यावी आणि तिला दोन दिवस माहेरी किंवा मनाजोगत्या ठिकाणी पाठवावे. निघण्यापूर्वी तिने औषधांचे वेळापत्रक लिहून ठेवावे. उरलेल्यांनी तिला दर तासाला फोन करू नये.

एका सहलीत एकाच ज्येष्ठाची जबाबदारी एकाने घ्यावी. 'सगळे आहेत ना' असे म्हटले, की औषधाची वेळ सगळ्यांच्याच हातून चुकते. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी दोन तासांची विश्रांती आणि परतल्यानंतरचा एक पूर्ण दिवस मोकळा, एवढे पाळले तरी निम्मे त्रास टळतात.

आता या पंधरवड्यात करण्याजोगे एक काम. एखाद्या रात्री जेवणे झाल्यावर घरातील ज्येष्ठांना विचारा, "आपल्याला कोठे जावेसे वाटते?" बहुधा उत्तर येईल, "कोठेच नको." तेथे थांबू नका. शांतपणे, एकांतात पुढचा प्रश्न विचारा : "कशाची काळजी वाटते?" जे उत्तर मिळेल, ते कागदावर सर्वांत वर लिहा. गावाचे नाव त्याच्या खाली लिहा. आणि ज्येष्ठ वाचकहो, हा प्रश्न कोणी विचारला, तर संकोच न करता खरे काय ते सांगा. गुडघा, लघवी, झोप, पैसा, काहीही असो. सांगितलेल्या अडचणीवर बहुधा मार्ग निघतो.